सुटल्यापासूनचे तास

माझे वडील धुळ्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, उशिरा आलेल्या ड्रायव्हरला सगळ्यांसमोर झापायचं आणि कुठली गाडी कुठे किती वाजता पोचेल हे न विचारता सांगायचं, ही त्यांची नोकरी. सुटायची वेळ अधिक रस्त्याचे तास म्हणजे पोचायची वेळ. तीस वर्षं त्यांनी हे एकच गणित केलं आणि ते कधी चुकलं नाही. त्यामुळे जगात दुसरं काही गणित असू शकतं हे त्यांना मान्यच नव्हतं. घरातही ते माइकवर असल्यासारखेच बोलायचे आणि आम्ही प्रवाशांसारख्या ऐकून घ्यायचो.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ऐंशीच्या दशकात तिचं लग्न जळगावच्या घरात ठरलं. मुलगा अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ नोकरीला. बोलणी करायला ताईचे सासरे आले होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. पांढराशुभ्र लेंगा-सदरा, हसरा चेहरा, आणि समोरच्याला कुठे टोचतं ते बरोबर ओळखणारा माणूस. आईने एकच विचारलं, लांब किती आहे. आबा म्हणाले, अंतर विचाराल तर मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर, पण विमानाला लागतात एकोणीस तास, लंडनचा थांबा धरून. आपल्या लाल गाड्या बदलत बदलत नागपूरला जाऊन परत या, तेवढंच होतं. नागपूरला दिली समजा. सगळे हसले. बाबांनी मनातल्या मनात तास पडताळून मान डोलावली. आई हसली नाही, पण तिचं मत तिथे कोण विचारत होतं?

खान्देशात लेक माहेरी एकटी येत नाही. अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला तर नाहीच. माहेरचा कोणी पुरुष, शक्यतो भाऊ, तिला न्यायला सासरी जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेला की सासरचे त्याला जेवू घालतात, ओटी भरून सून त्याच्याबरोबर पाठवतात. मग लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर लेकी बसतात, आमरस होतो, सांजोऱ्या होतात. जी मुराळ्याशिवाय आली तिला गल्लीत कोणी विचारत नाही की कशी आहेस. विचारतात, काय झालं.

पहिल्या वर्षीच बाबा अखाजीआधी जळगावला गेले आणि रीत म्हणून आबांना म्हणाले, पोरीला धाडा. आबा म्हणाले, "मुराई धाडा, पोर धाडतस." बाहेरच्या खोलीत बसलेले पाहुणे खो खो हसले. ज्याला मुलगा नाही, ज्याने विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं, त्याला म्हणायचं मुराळी पाठवा न्यूयॉर्कला. दरवर्षी बाबा जायचे, दरवर्षी आबा तेच वाक्य बोलायचे. बाबा घरी येऊन सांगायचे, रीत पाळली. आई मात्र दरवर्षी झोका बांधायची. त्यावर गल्लीतल्या दुसऱ्यांच्या लेकी बसायच्या.

त्यातल्याच एका फेरीत बाबांना आबांच्या भिंतीवर दोन घड्याळं दिसली. शेजारी शेजारी, आणि दोन्हींत वेगळी वेळ. बाबांनी लगेच आपलं मनगट पाहून निकाल दिला की आबा, तुमचं हे दुसरं घड्याळ मागे पडलंय, किल्ली द्या त्याला. आबा म्हणाले, हो हो, बघतो. घरी येऊन बाबांनी आम्हाला हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की एवढा मोठा माणूस, मुलगा अमेरिकेत, आणि घरात घड्याळ धड नाही. ते दुसरं घड्याळ लेकाच्या गावची वेळ दाखवत होतं. आबा एकदा तिकडे जाऊन आले होते, तेव्हापासून ते लावलेलं. त्या दिवशी आबांना एक गोष्ट नक्की कळली असणार, की आपल्या व्याह्याला तिकडचा दिवस आणि इकडचा दिवस वेगळा असतो हे ठाऊक नाही. ती त्यांनी जपून ठेवली.

ताईच्या लग्नाला चार वर्षं झाली त्या थंडीत आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की पावसाळा काढतील असं वाटत नाही. बाबांनी ते घरी येऊन आईच्या देखत सांगितलं, कारण पोचायची वेळ लपवायची त्यांना सवय नव्हती. आईने ऐकलं आणि एवढंच म्हणाली की मग ह्या अखाजीला माझी पोर आणा. तिने आयुष्यात मागितलेली ही बहुतेक एकमेव गोष्ट होती. मला त्या दिवशी बाबांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांना जेवायला वाढलं नाही. त्यांनी स्वतः वाढून घेतलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

बाबा जळगावला गेले. आबा या वेळी हसले नाहीत, गंभीर झाले. म्हणाले, धाकट्या मुलाचं लग्न काढलंय, सून येणारच आहे, मग तुमच्याचसाठी अखाजीला आधी बोलावून घेतो. पण रीत ती रीत. मुराळी लागेल. न्यूयॉर्कला नको, मुंबईच्या विमानतळावर येऊन उभे राहा, तिथून परस्पर धुळ्याला न्या. पोरगा नाही तर तुम्ही स्वतः मुराळी व्हा. विमान तिकडून शुक्रवारी संध्याकाळी सातला सुटतं, लागतात एकोणीस तास. पुढे म्हणाले, तुम्ही तर कंट्रोलर, तुम्हाला काय सांगायचं, हिशोब तुम्हीच करा.

बाबांनी तो आबांच्या दारातून बाहेर पडायच्या आत केला. शुक्रवार सात अधिक एकोणीस, शनिवार दुपारी दोन.

आईपाशी शेजारच्या मावशींना बसवून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं मुंबईच्या गाडीत बसलो. मी कॉलेजात होते. विमानतळावर इंग्रजी पाट्या वाचायला मला बरोबर घेतलं होतं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, पिशवीत नारळ, खण आणि मुराळ्याची टोपी होती. स्टँडवरच्या घड्याळात सात वाजले तसे ते खिडकीतून पाहून म्हणाले, "सुटलं विमान."

मी म्हणाले की बाबा, तिकडे आत्ता सकाळ असेल, ताई अजून घरीच असेल. भूगोलात शिकले होते, आणि खरं सांगायचं तर बाबांना एकदा तरी चुकीचं ठरवायची मला हौस होती. बाबांनी माझ्याकडे वळून, पुढच्या तीन बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तास सुटल्यापासून मोजायचे. दिवस आहे का रात्र, ते ड्रायव्हरने बघावं." गाडीतली माणसं हसली. कंडक्टर तर त्यांच्याच हाताखालचा, तो सगळ्यात जास्त हसला. मी खिडकीकडे तोंड केलं. पूर्ण खात्री मलाही नव्हती, आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरीने चारचौघांत बापाशी किती वाद घालायचा यालाही आमच्याकडे मर्यादा होती.

शनिवारी आम्ही अकरा वाजताच विमानतळाबाहेरच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. ऊन डोक्यावर, कपाळावर टोपी, हातात नारळ. आजूबाजूच्या लोकांच्या हातांत फुलं होती, नावांच्या पाट्या होत्या. नारळ फक्त आमच्याच. दोनच्या सुमारास माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर यायला लागली. बाबा टाचा उंचावून पाहत होते. प्रत्येक लाल साडी त्यांना ताई वाटत होती. ती गर्दी संपली. मग दुसरी आली, तीही संपली. मी चौकशीच्या खिडकीवर जाऊन अमेरिकेचं विमान विचारलं. तिथल्या माणसाने नंबर विचारला. नंबर आमच्यापाशी नव्हता. तो म्हणाला की अमेरिकेहून काय एकच विमान येतं का. मी परत आले आणि बाबांना म्हणाले, थांबू या, रात्री येईल, मला वाटतं रात्रीच येईल.

पण स्टँडचा आणखी एक नियम होता. गाडी दोन तास लेट होते, चार तास लेट होते, सहा तास झाले की ती रद्द. मग प्रवाशांनी ताटकळत बसायचं नाही, घरी जायचं. आठ वाजता बाबांनी टोपी काढून पिशवीत ठेवली आणि माइकवर सांगावं तसं मला सांगितलं, "गाडी रद्द. त्यांनी पाठवलीच नाही." मी हात धरला, रडले, तिथे फरशीवर बसून राहिले. त्यांनी मला दंड धरून उठवलं. नऊच्या धुळे गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली आणि घाट चढायच्या आधीच ते घोरायला लागले.

आमची गाडी घाटात असताना ताईचं विमान मुंबईत उतरलं. हे अर्थात मला नंतर कळलं. तिने त्याच कठड्यापाशी तास-दीड तास वाट पाहिली. आबांनी धाकट्या मुलाला भाड्याची गाडी देऊन पाठवलंच होतं. तो बाजूला उभा होता. तो तिला म्हणाला, वहिनी, मुराळी काही आला नाही, चला. मुंबईहून जळगावचा रस्ता आमच्या धुळ्यातूनच जातो. रविवारी सकाळी तिची गाडी आग्रा रोडने आली, आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. ती म्हणाली, पाच मिनिटं थांबव, आईला बघते. दीर म्हणाला, आबांनी सांगितलंय, मुराळी नसेल तर वाटेत उतरायचं नाही, घराण्याची लाज जाते. गाडी पारोळा चौफुलीला वळली. त्या वेळी आम्ही घरी पोचून चार तास झाले होते आणि बाबा अंघोळ करून नाष्टा करत होते.

घरात पाय टाकल्या टाकल्या बाबांनी आईला सांगितलं होतं, पाठवली नाही त्यांनी. आईने बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं की पाठवली असेल, आम्हीच लवकर निघालो. पण ते नुसतं माझं वाटणं होतं, आणि मरणाऱ्या बाईला वाटण्यावर किती दिवस टांगून ठेवायचं? आईने झोका सोडायला सांगितलं. मावशींनी दोर सोडला, गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. त्यानंतर दोन दिवस आईने पेजेचा घोटही घेतला नाही.

अखाजी मंगळवारी होती. सणाचं घरात काही केलं नव्हतं, तरी बाबांना डबा द्यायला मी स्टँडवर गेले. जळगाव गाडीचा कंडक्टर त्यांच्या खिडकीशी उभा होता आणि कौतुकाने सांगत होता की साहेब, तुमची मोठी काल जळगावच्या बाजारात दिसली, सासूबरोबर लग्नाच्या साड्या घेत होती, अमेरिकेचं पाणी मानवलं तिला. बाबांचा चेहरा एक क्षणभर पडला. फक्त एक क्षणभर. मग त्यांनी कंडक्टरला हजेरीचं काहीतरी बोलून हाकललं आणि मला म्हणाले, घरी बोलू नकोस. मी म्हणाले, मग तुम्ही आत्ता जा तिला आणायला, समोर गाडी उभी आहे. ते म्हणाले, "मुराळी एकदा जाऊन आला. मुराळी दोनदा जात नसतो."

मी डबा त्यांच्या टेबलावर आपटला आणि जळगाव गाडीत चढले. काचेतून त्यांनी मला पाहिलं. माइक हातात घेतला आणि एरवीच्याच आवाजात पुकारलं, पारोळा-एरंडोलमार्गे जळगावकडे जाणारी गाडी आता सुटत आहे. थांबवलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांच्या बाजूने तो आशीर्वाद होता का माझी ब्याद गेल्याचा आनंद, मला आजही सांगता येत नाही.

आबांच्या घरी लग्नाची गडबड होती. आबा झोपाळ्यावर बसून आमरस खात होते. मला पाहून त्यांनी वाटी खाली ठेवली आणि भोवतालच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुराई पोरगी शे का? आनि बाप कोठे शे?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी मागे पडलेल्या घड्याळाचा किस्सा सुरू केला. तो त्यांना तोंडपाठ होता, कुठे थांबायचं तेही ठरलेलं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी भिंतीकडे पाहिलं. एका घड्याळात पावणेदोन, दुसऱ्यात सव्वाचार.

ताई आतून आली. चार वर्षांनी दिसत होती आणि तिने मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "कोणी नव्हतं तिथे." मी सांगितलं की आम्ही होतो, शनिवारी अकरापासून रात्री आठपर्यंत, दोन वाजता येशील म्हणून. ताईने त्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. तीही कंट्रोलरच्याच घरात वाढली होती. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

तिने आतून पिशवी आणली. सासूबाई म्हणाल्या की मुराळ्याशिवाय कशी निघालीस. ताई माझा हात धरून म्हणाली, "ही मुराळी." आबांनी अडवलं नाही. ते कधीच काही अडवत नसत. त्यांनी आमच्याबरोबर सांजोऱ्यांचा डबा दिला, मला नारळ दिला, शुक्रवारी हळदीला सून परत हवी म्हणून बजावलं आणि दारापर्यंत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बाबांना सांग, घड्याळाला किल्ली दिली. मी तो नारळ एरंडोलच्या पुढे खिडकीतून शेतात फेकून दिला.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. बाबा ड्यूटी संपवून आले होते, आईच्या खोलीच्या दारात उभे होते. आईने ताईला ओळखलं. डोळे भरून आले, हात उचलला, आणि मग तो हात तिने परत पांघरुणावर ठेवला. विचारलं, "कथाइन उनी?" ताई खोटं बोलू शकली असती. म्हणाली, जळगावहून. आईने विचारलं, "कितला तास लागनात?"

"अडीच," ताई म्हणाली.

आई म्हणाली, "अडीच तासना रस्ता, आनि तुले तीन दिन लागनात?"

मी बाबांकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि मागच्या अंगणात हात धुवायला निघून गेले. ताईही काही बोलली नाही. नवऱ्याचा मूर्खपणा ऐकण्यापेक्षा लेकीवरचा राग आईला सोपा जाईल, असं तिला वाटलं म्हणे. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. आईने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तिने ताईला वेणी घालू दिली, तिसऱ्या दिवशी तिच्या हातून दोन घास खाल्ले. झोका परत बांधू का विचारलं तर म्हणाली, सण होऊन गेला. शुक्रवारी ताई हळदीला गेली, आणि जळगावहूनच परस्पर अमेरिकेला.

आई आषाढात गेली, सकाळी. घरात फोन नव्हता, शेजारी होता. मी तिकडे धावणार तेवढ्यात बाबांनी मला हाताने थांबवलं आणि ओट्यावर बसून बोटं मोजायला लागले. आता त्यांना सगळं माहीत होतं. साडेनऊ तासांचा फरक, तिकीट मिळायला लागणारा दिवस, विमानाचे एकोणीस तास, सामान सोडवायचा वेळ, मुंबई ते धुळे रस्ता. मयत इतका वेळ ठेवता येत नाही. ते म्हणाले, पोचत नाही, कळवू नका, उगाच पोर तिकडे तळमळेल. तेराव्यानंतर सांगू. मी तिथेच उभी राहून तो हिशोब मनात पुन्हा केला, कुठे तरी चूक सापडावी म्हणून. एकही नव्हती.

तेरावं झाल्यावर शेजाऱ्यांकडून फोन लावला. बाबांनी स्वतः सांगितलं. म्हणाले, तुला पोचता आलंच नसतं, मी सगळा हिशोब केला होता. मग ताई काय म्हणते ते ऐकलं. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि चपला न घालता बाहेर गेले. मी ताईला विचारलं, काय म्हणालीस तू त्यांना.

"काही नाही," ताई म्हणाली. "ह्या वेळी तास कुठून मोजले, एवढंच विचारलं."